वाटी रिकामी झाली, पण खाल्लं कोणी?

या वेळी बरीच पत्रं खाण्यावरूनच आलीत, तीही एकाहून जास्त मांजरं असलेल्या घरांतून आणि जवळजवळ सगळी ठाणे-नवी मुंबईकडची. त्यामुळे सोफा ओरबाडणं आणि रात्री तीन वाजता गाणं म्हणणारे बोके पुढच्या अंकात, आज फक्त पोट.

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही खारघरला वन बीएचकेमध्ये राहतो, घरात तीन मांजरं. मनी अकरा वर्षांची, माझ्या लग्नाआधीपासूनची. ढब्बू पाच वर्षांचा बोका, नसबंदीचं ऑपरेशन झालेला. आणि चिंगी, पावसात बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये सापडली, आता पाचेक महिन्यांची असेल, सव्वादोन किलो. ढब्बू ६.८ किलो झालाय, डॉक्टर म्हणतात त्याच्या अंगकाठीला ५ च्या आसपास पाहिजे. मनी मात्र ४ किलोची होती ती ३.१ वर आलीये. आम्ही दोघं साडेआठला निघतो ते सातला घरी, म्हणून हॉलमध्ये एक मोठी वाटी ड्राय फूड भरून ठेवतो, ज्याला भूक लागेल तो खातो. वाटी रोज रिकामी होते म्हणजे खातात तर सगळेच. ढब्बूचं कमी करायचं तर या दोघी उपाशी राहणार, नाही करायचं तर हा फुटेल एक दिवस. सासूबाई घरी असतात पण गुडघ्यांमुळे त्यांना वाकता येत नाही, आणि खरं सांगायचं तर जेवताना त्याच ढब्बूला मासा देतात, "अगं तो मागतो" म्हणतात. काय करू?
तीन मांजरांची आई, खारघर

उत्तर: वाटी रिकामी होते म्हणजे सगळे खातात, हे वाक्य मी परत एकदा वाचलं. नाही हो. रिकामी वाटी एवढंच सांगते की दाणे संपले. कोणाच्या पोटात गेले ते तिला माहीत नाही आणि तुम्हालाही नाही, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

ढब्बूचं सांगते, पण आधी मनी. पत्र तुम्ही ढब्बूसाठी लिहिलंय आणि मला काळजी वाटतेय ती मनीची. ४ वरून ३.१ म्हणजे जवळपास पाव अंग गेलं, ६० किलोची बाई ४६-४७ वर आली तर घरात किती धावपळ होईल बघा. ढब्बू तिचं खातो हे कारण असू शकतं पण तेवढ्यावर समाधान मानून बसू नका, कारण अकरा वर्षांच्या मांजराचं वजन उतरतं तेव्हा किडनी, वाढलेला थायरॉइड, डायबेटिस, किडलेले दात, सुजलेल्या हिरड्या, आतड्याचं दुखणं यातलं काहीही असू शकतं. थायरॉइड आणि डायबेटिसमध्ये तर मांजर चांगलं दाबून खातं आणि तरी वाळत जातं, खाल्लेलं अंगाला लागतच नाही. एका वाटीच्या घरात हे फार उशिरा कळतं, कारण ती आधी किती खायची आणि आता किती खाते हे सांगणार कोण? म्हणून याच आठवड्यात तिला घेऊन जा. रक्त तपासा (किडनी, शुगर आणि थायरॉइडसाठी टी-फोर), लघवी तपासा, आणि तोंड उघडून दात बघा असं डॉक्टरांना आठवणीने सांगा. जाण्याआधी दोन दिवस लिटर बॉक्सकडे (शी-शूच्या वाळूच्या पेटीकडे) नीट लक्ष द्या, वाळूत होणारे लघवीचे गोळे पूर्वीपेक्षा मोठे होतायत का, पाणी जास्त पितेय का. हे विचारतीलच. तीन मांजरांत कोणाचा गोळा कोणता हा प्रश्न येणार, त्यासाठी तिला एक रात्र बेडरूममध्ये वेगळ्या लिटरसह ठेवा, लगेच समजेल.

आता ढब्बू. ऑपरेशननंतर मांजराची कॅलरीची गरज साधारण २० ते ३० टक्क्यांनी उतरते आणि भूक मात्र वाढते, त्यात समोर दिवसभर भरलेली वाटी, मग त्याचा तरी काय दोष. हिशोब असा: ज्या वजनाला न्यायचंय ते धरायचं, आजचं नाही. ५ किलोच्या मांजराला नुसतं पडून राहायला दिवसाला साधारण २३५ किलोकॅलरी लागतात, वजन उतरवायचं तर त्याच्या ८० टक्के द्यायच्या, म्हणजे १८५-१९०. ड्राय फूडमध्ये १०० ग्रॅमला ३५० ते ४०० किलोकॅलरी असतात (पॅकेटच्या मागे बारीक अक्षरात असतं, चष्मा लावून बघा), म्हणजे ढब्बूच्या वाट्याला दिवसाचे जेमतेम ५० ग्रॅम. किचनच्या काट्यावर ५० ग्रॅम मोजून बघा, तुम्हाला रडू येईल, त्याला तर येईलच. म्हणून त्यातलं थोडं काढून त्याऐवजी वेट फूड द्या. त्यात पाऊण भाग पाणी असतं, ८५ ग्रॅमच्या पाऊचमध्ये साधारण ६० ते ८० किलोकॅलरी, पोट भरल्यासारखं वाटतं आणि पाणीही पोटात जातं. हा आकडा सुरुवातीचा आहे बरं का, डॉक्टरांना दाखवा आणि महिन्याने वजन बघून कमीजास्त करा.

आता गंमत बघा, सव्वादोन किलोच्या चिंगीला दिवसाला अडीचशेच्या पुढे किलोकॅलरी लागतात कारण ती वाढतेय. म्हणजे तुमच्या घरात सगळ्यात छोट्या मांजराने सगळ्यात जास्त खायचंय आणि सगळ्यात मोठ्याने सगळ्यात कमी. एक वाटी हे कसं जमवणार? शिवाय चिंगीला किटन फूड हवं, वर्षाची होईपर्यंत, ते कॅलरीने जड असतं आणि ढब्बूच्या तोंडी लागलं की संपलंच सगळं.

तर ती हॉलमधली वाटी उचला. तीन वाट्या, तीन जागा, आणि मधे दार. वन बीएचकेत दारं कुठून आणायची असं म्हणाल, आपल्याकडे किचनला तर बहुतेक दार नसतंच. मनीला बेडरूममध्ये घ्या आणि दार लावा, ढब्बू हॉलमध्ये, आणि चिंगीला तिच्या कॅरियरमध्ये जेवायला द्या, कॅरियरचं दार लावून. चार दिवसांत ती स्वतःहून आत जाऊन बसेल आणि पुढे डॉक्टरकडे न्यायचं तेव्हा पलंगाखालून ओढून काढायची वेळ येणार नाही, हा फायदा वेगळाच. बाथरूममध्ये लिटर ठेवत असाल तर तिथे मात्र कोणाचंही जेवण नको, मांजरांना ते आवडत नाही, मग खातच नाहीत. पंधरा-वीस मिनिटं द्या, मग वाट्या उचला, कोणी किती टाकलं ते बघा आणि सुरुवातीला तरी लिहून ठेवा. सकाळी निघायच्या आधी एकदा, संध्याकाळी आल्यावर एकदा, झोपताना एकदा.

दार कशाला, मी समोर उभी राहते की, असं बऱ्याच जणी म्हणतात. त्यांना मी सांगते की एकदा बाजूला बसून नुसतं बघा. दादागिरी म्हटलं की आपल्याला फिसकारणं, पंजा मारणं असं वाटतं, तसं काही होत नाही. ढब्बूसारखा बोका आपलं मिनिटभरात संपवतो, तोंड चाटतो, आणि शांतपणे जाऊन मनीच्या शेजारी बसतो, बस एवढंच. शेपटीचं टोक जरा हलतं. मनी अजून दोन दाणे चावते, मग मान वर करते, एक पाऊल मागे सरते आणि पंजा चाटायला लागते, जणू जेवण झालंच होतं. ढब्बू तोंड घालतो. बघणाऱ्याला वाटतं काय समजूतदार आहेत दोघं! मांजर एकट्याने शिकार करून एकट्याने खाणारा प्राणी आहे, पंगतीत बसायला ते तयार नसतं, आपण बसवतो. म्हणून नुसत्या वेगळ्या वाट्या पुरत नाहीत, एकमेकांना दिसता कामा नयेत.

दिवसभराचं काय? टायमरवाला फीडर आणू नका, तो सगळ्यांसाठी उघडतो म्हणजे ढब्बूसाठीच उघडतो. मांजराच्या कातडीखाली बसवलेली मायक्रोचिप ओळखून ठरलेल्या मांजरालाच उघडणारे फीडर येतात, उत्तम चीज आहे पण महाग, आणि तुमच्याकडे दोन तरी लागतील. त्यापेक्षा सासूबाई आहेत ना. चिंगीची दुपारची वाटी डायनिंग टेबलावर ठेवा, वाकायचा प्रश्न मिटला, आणि ६.८ किलोचा गडी तिथे उडी मारायचा कंटाळा करेल. केलीच उडी तर त्या आहेतच हाकलायला. मनीची वाटी मात्र उंचावर नको, या वयात सांधे दुखत असतात, ती सांगत नाही एवढंच. सासूबाईही घरात नसतील त्या दिवशी एका पुठ्ठ्याच्या खोक्याला चिंगी जेमतेम जाईल एवढं भोक पाडून आत तिची वाटी ठेवता येते, आधी तुमच्यासमोर करून बघा, नाहीतर ढब्बू डोकं अडकवून घरभर खोका घेऊन फिरेल. दीड-दोन महिन्यांत चिंगीही त्यात मावणार नाही, पण तोवर सवय लागलेली असेल.

आणि मासा. सासूबाईंना "देऊ नका" म्हणून चालणार नाही, त्या देणार, आणि तो जाऊन मागणार, त्या दोघांचं ते नातं आहे. ढब्बूच्या ५० ग्रॅममधले १० ग्रॅम दाणे सकाळीच एका छोट्या डबीत काढून त्यांच्या ताटाशेजारी ठेवा, तो मागायला आला की त्यातले दोन-दोन. देण्याचा आनंद त्यांना, हिशोब तुमच्याकडे. मासा द्यायचाच तर उकडलेला, बिनमिठाचा, बिनकाट्याचा, अंगठ्याएवढा तुकडा, तोही कधीतरी. रवा लावून तळलेला बांगडा नाही.

घाई अजिबात नको. आठवड्याला अर्धा ते एक टक्का वजन उतरलं तर उत्तम, ढब्बूच्या बाबतीत ३५ ते ७० ग्रॅम, म्हणजे ५ किलोवर यायला सहा महिने ते वर्ष. "दोन दिवस उपाशी ठेवा, आपोआप उतरेल" असं सांगणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका. जाड मांजराने दोन-तीन दिवस खाल्लं नाही तर अंगातली चरबी लिव्हरमध्ये जाऊन साचते आणि ते जिवावर बेततं. नवीन फूड आवडलं नाही म्हणून तो पूर्ण दिवस तोंड लावत नसेल तर हट्ट सोडा, जुनं द्या आणि डॉक्टरांना फोन करा. फूड बदलताना आठ-दहा दिवस जुन्यात नवीन मिसळत न्या.

प्रश्न: ताई, माझ्याकडे दोन मांजरं, सख्खी बहीण-भाऊ, दोन वर्षांची. जेवण दोघांना सारखंच, उकडलेलं चिकन किंवा मासे आणि भात, तरी बोका गुबगुबीत आणि भाटी काडीसारखी. पॅकेटचं फूड केमिकल असतं म्हणून आम्ही देत नाही. दोघांना सारखं खाऊन असं का? आणि मासे आम्ही जांभळी नाक्याहून ताजे आणतो बरं का.
वर्तकनगर, ठाणे

उत्तर: दोघांना सारखं वाढता, पण दोघं सारखं खातात का हे वरच्या उत्तरात आलंय, एकदा दार लावून बघा. भाटीचं ऑपरेशन झालेलं नसेल आणि ती सारखी माजावर येत असेल तर त्यातही वजन उतरतं, शिवाय शेवटचं जंताचं औषध कधी दिलं ते आठवा.

मला जास्त बोलायचंय ते ताटावर. ताजं, घरचं, मायेचं, सगळं मान्य. पण मांजराला जे लागतं ते चिकन-भातात पूर्ण नसतं. टॉरिन नावाचा घटक मांजराच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही, तो मांसातूनच मिळतो आणि उकडताना बराचसा पाण्यात उतरतो, ते पाणी आपण ओतून देतो. टॉरिन कमी पडलं की डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदयाचे स्नायू ढिले पडतात. १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी हृदयाचं हे दुखणं टॉरिनशी जोडून दाखवलं, आणि तेव्हा ती मांजरं पॅकेटचंच खात होती! त्यानंतर कंपन्यांनी टॉरिन वाढवलं. म्हणजे पॅकेटवाले काही संत नाहीत, पण ही चूक त्यांची सुधारून झालीये, आपल्या पातेल्यातली अजून चालू आहे.

दुसरं कॅल्शियम. हाडं काढलेल्या मांसात ते जवळपास नसतंच, पिल्लांची हाडं यानेच ठिसूळ होतात. म्हणून शिजवलेली हाडं द्यायची का, तर नाही, ती टोकदार तुटतात आणि घशात-आतड्यात अडकतात. नुसत्या माशांवर मांजर ठेवलं तर व्हिटॅमिन ई कमी पडतं, काही कच्च्या माशांमुळे बी-वन नष्ट होतं, सुके बोंबील आणि सुकटीत मीठ फार. रोज कलेजी दिली तर व्हिटॅमिन ए अति होऊन मान आणि सांधे आखडतात. कांदा-लसूण तर कुठल्याच रूपात नको, रक्तातल्या लाल पेशी फुटतात, तेव्हा आपल्या रश्श्यातला पीस धुऊन दिला तरी चालेल हे डोक्यातून काढा.

भाताने लगेच काही होत नाही, पण मांजराला त्याची गरज नाही आणि गुबगुबीत बोक्याच्या बाबतीत तो सरळ बंद करता येईल. माझं मत विचाराल तर दिवसाचं मुख्य जेवण "कम्प्लीट अँड बॅलन्स्ड" असं लिहिलेलं पॅकेटचं ठेवा आणि चिकन वरून हौसेपुरतं, सगळ्या कॅलरीच्या दहाव्या हिश्शापर्यंत. मांजरांना चाटायला द्यायच्या त्या क्रीमच्या नळ्या मिळतात त्याही याच दहाव्या हिश्शात. घरचंच द्यायचं असं पक्कं असेल तर डॉक्टरांकडून टॉरिन आणि कॅल्शियमसकट पूर्ण रेसिपी वजनासह लिहून घ्या, अंदाजाने नको.

आणि ठाण्याच्या मे महिन्यात ओलं जेवण तासाभरात उचला. पावसाळ्यात ड्राय फूड सादळतं आणि मुंग्या येतात, वाटी पाणी घातलेल्या ताटलीत ठेवली की मुंग्यांचा प्रश्न मिटतो. मोठी बॅग स्वस्त पडते म्हणून आणता आणि तीन महिने पुरवता, ते दमट हवेत बरं नाही, वास बदलला की मांजरंच तोंड फिरवतात.

प्रश्न: आमचा बोका तळमजल्यावरून दिवसातून दोनदा बाहेर जातो. घरात डाएट एकदम कडक, बरोबरची दुसरी भाटी त्याच डाएटवर बारीक झाली आणि हा मात्र वाढतोच आहे. असं कसं होईल?
नेरूळ

उत्तर: तो बाहेर जेवतोय, अजून काय! वॉचमन, समोरच्या विंगमधल्या काकू, कोपऱ्यावरची मासेवाली, प्रत्येकाला वाटतं याचं कोणी नाही, बिचारा भुकेला आहे, आणि तो चेहराही तसाच करतो. ओढ बसली की सुटणारा पट्टा मिळतो तो घाला आणि त्याला चिठ्ठी लावा, "माझं घर आहे, मी डाएटवर आहे, खायला देऊ नका". लोक हसतात पण ऐकतात. सोसायटीच्या ग्रुपवर फोटोही टाका. खरा उपाय खिडक्यांना जाळी लावून त्याला घरात ठेवणं हाच आहे, गाड्या आणि कुत्रे बघता तसंही ते बरं. आणि बारीक झालेल्या भाटीचं डाएट आता थांबवा, वजन करा, तिला गरज होती का हेच मुळात बघा. फासळ्यांवर हात फिरवला तर पातळ थराखाली फासळ्या लागल्या पाहिजेत, आणि वरून बघितलं तर कंबर दिसली पाहिजे. तसं असेल तर तिला उगाच अर्धपोटी ठेवू नका.

प्रश्न: सहा वर्षांच्या बोक्याची लघवी अडकली होती, आता त्याला कायम युरिनरी फूड सांगितलंय, ते खूप महाग आहे. दुसरी मांजर धडधाकट आहे, दोन वर्षांची. तिने त्याचं खाल्लं तर काही होईल का? वेगवेगळं देणं जमत नाहीये.
ऐरोली

उत्तर: मोठ्या, निरोगी मांजराने युरिनरी फूड खाल्लं तर बहुतेक वेळा बिघडत नाही, बरीच घरं दोघांना तेच देतात, तुमच्या डॉक्टरांना त्या ठरावीक फूडबद्दल विचारून घ्या. पिल्लू किंवा गाभण मांजर असेल तर नाही. किडनीच्या फूडची गोष्ट वेगळी, ते दुसऱ्याने चार दाणे खाल्ले तर ठीक, रोजचं जेवण म्हणून नको. तुमच्याकडे धोका उलट्या बाजूने आहे, बोक्याने तिचं साधं फूड खाल्लं तर औषधाच्या फूडवर केलेला खर्च पाण्यात. म्हणून एकच फूड ठेवायचं तर त्याचं ठेवा. पैशांचं अवघड असेल तर तिचं जेवण दाराआड पंधरा मिनिटं, एवढं तरी जमवा.

बोका परत लिटरमध्ये जाऊन नुसता कुंथतोय आणि थेंबही येत नाही असं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, तासांचा खेळ असतो तो. रात्री उघडा असणारा दवाखाना आजच शोधून नंबर सेव्ह करा, त्या वेळी गाडीत बसून शोधत बसू नका.

प्रश्न: वजन करा वजन करा म्हणता, पण काट्यावर उभी राहते कोण?
नौपाडा, ठाणे

उत्तर: मांजराला उचलून तुम्ही काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा, वजाबाकी करा. पण या काट्यावर शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक सहज इकडेतिकडे होतो, म्हणून डाएट चालू असेल तर बॅगा तोलायचा लटकता डिजिटल काटा घ्या, मांजर कॅरियरमध्ये, कॅरियर हुकाला, नंतर रिकामा कॅरियर वजा. हँडल घट्ट बसलंय ना ते आधी बघा आणि खाली गादी ठेवा. पंधरा दिवसांतून एकदा, जेवणाआधी, दर वेळी त्याच काट्यावर, आणि प्रत्येकीचा आकडा वेगळ्या रांगेत कॅलेंडरवर.